प्रेमदासनं न झेललेली ढाल

तुम्ही होता ना त्या दिवशी वर्ध्याच्या मैदानावर? मग सांगा, ढाल पडली की टाकली?

घाई करू नका. मीही होतो, मंचापासून दहा पावलांवर, आणि मी चुकीचं उत्तर दिलं. तेही चारचौघांत, शिव्या घालून.

ज्याला शिव्या घातल्या तो प्रेमदास, आमच्या देवळीच्या आझाद फुटबॉल क्लबचा गोली. कापसाच्या जिनात रुईच्या गाठी ओढतो. क्लब निघाला पन्नास साली, त्याच जिनामागच्या पडीत जमिनीवर. बॉल एकच, नागपूरहून आणलेला. त्याचं ब्लॅडर दर आठवड्याला फुटायचं आणि सायकलवाला हिरालाल कुरकुरत ठिगळ लावून द्यायचा. बूट कोणाच्याच पायात नव्हते. तरी त्रेपन्नला सेलूवाल्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं, पंचावन्नला पुलगाव मारलं. मग आमचा सामना असला की देवळीचा अर्धा बाजार ओस पडायचा, बायाबापड्यासुद्धा बैलबंड्या जुंपून यायच्या. कुणब्यांची पोरं, तेल्यांची पोरं, गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतली पोरं, सगळी एका टीममध्ये. असा क्लब जिल्ह्यात दाखवा, असं मी सभांमधून छाती ठोकून सांगायचो.

आणि गोल होऊ न देणारा एकटा प्रेमदास. बॉल कुठूनही येवो, हात आधीच तिथं. कोणी शिकवलं विचारलं, तर हसून म्हणायचा, "दुकानदारानं शिकवलं." लहानपणी माय, म्हणजे पंचफुलाबाई, त्याला काडेपेटी आणायला पाठवायची. दुकानदार ती हातात देत नसे, विटाळ नको म्हणून हातभर वरून सोडायचा. गुळाचा खडाही तसाच. चिखलात पडला तर घरी पाठीवर झाडू. पाचव्या वर्षापासून हा पोरगा झेलतच होता. हे तो गंमत म्हणून सांगायचा आणि आम्ही सगळे हसायचो. मीही.

छप्पनच्या दसऱ्याला त्यानं मायसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. तिकडून आल्यावर त्या दुकानात पाय ठेवला नाही. मिठाच्या पुडीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा, तिथला म्हातारा हातात देतो म्हणून. मला तो त्याचा हट्ट वाटला.

सत्तावन्नच्या फेब्रुवारीत जिल्ह्याच्या ढालीचा अंतिम सामना झाला, हिंगणघाटशी. एका गोलनं आम्ही पुढे, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. प्रेमदासनं ती उजवीकडे झेप घेऊन छातीशी धरली. लोक मैदानात घुसले. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

मंचावर पाहुणे म्हणून एक मोठे जमीनदार होते. आमचा कप्तान जयवंता चांगल्या घरचा शेतकरी, त्याच्याशी त्यांनी हात मिळवला. जयवंता म्हणाला, "आज ढाल हा घेईल," आणि त्यानं प्रेमदासला पुढं केलं. पाहुण्यांनी मागं वाकून कोणाला तरी काही विचारलं. मग ढाल उचलली, वीतभर वर धरली आणि सोडली.

प्रेमदासचे हात अंगाशी सरळ होते. ते हललेच नाहीत.

सागवानी ढाल फळ्यांवर आदळली. चांदीचा पत्रा चेपला, एक कोपरा उडून खाली मातीत गेला. पाहुणे खिशातल्या रुमालानं हात पुसत खाली उतरले. आणि मी, रोज समतेवर बोलणारा मी, ओरडलो, "काऊन बे, सोडली काऊन?" पुढचं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी स्पर्धावाल्यांचं पत्र आलं. प्रेमदासनं ढालीचा अपमान केला, लेखी माफी द्यावी, नाहीतर क्लब पुढच्या वर्षी बाद. आमच्या क्लबच्या कमिटीनं मजकूर लिहिला आणि सही घ्यायला मला पाठवलं. पंचफुलाबाई दारातच म्हणाली, "आले का भाषणवाले. बसा, सतरंजी टाकतो."

प्रेमदासनं कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, इथं लिवलं, देलेली ढाल मी सोडली. मले ढाल देली कुठी? टाकली. बॉल टाकतेत त झेलतो, तो खेळ हाये. बक्षीस देतेत त घेतो."

मी म्हटलं, बाबा, जिंकलेली ढाल होती, क्लबचा तरी विचार करायचा.

"क्लबचाच केला. झेलली असती त आख्ख्या क्लबानं झेलली असती." आणि मग जे म्हणाला ते अजून माझ्या कानात आहे. "तुमी त दहा पावलांवर होते. तुमाले बी नाई दिसलं?"

मला खरंच दिसलं नव्हतं. ढाल पडताना सगळ्यांनी पाहिली. टाकताना कोणीच पाहिली नाही. जन्मभर जे वरून टाकलेलं घेत आलो ते डोळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की माझ्यासारख्यालाही ते देणंच वाटलं. मी कागद तसाच परत आणला.

माफी मिळेना, तेव्हा क्लब बाद होऊ नये म्हणून कमिटीनं प्रेमदासलाच काढलं. जयवंतानं मान खाली घातली आणि हात वर केला. हात वर न करणारे आम्ही तिघंच. मग अठ्ठावन्नला आम्ही पहिल्याच सामन्यात पाच गोलांनी हरलो, यंदा चार गोलांनी. सेलूवाले दोनदा प्रेमदासच्या घरी येऊन गेले. तो म्हणाला, उभा राहीन तर देवळीच्या गोलपोस्टात. पण परवा ते तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यानं नाही म्हटलं नाही, रविवारपर्यंत थांबा म्हणाला. तीस वर्षांचा झाला आहे तो. गोलीचे हात किती वर्षं टिकतात?

या रविवारी दुपारी चार वाजता जिनाच्या आवारात क्लबची सर्वसाधारण सभा आहे. त्याला माफीशिवाय परत घ्यायचा ठराव मी मांडतो आहे. तुम्ही क्लबचे सभासद असाल तर घरी बसू नका, या आणि त्याच्या बाजूनं मत द्या.