सुतकात बसलेली कानबाई

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा राग त्या त्या वेळी येऊन गेला. हिचा गेला नाही.

नव्वदीच्या दशकात मी सुरतेत, उधन्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. वडील लूमवर कामाला, आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी मान वर करून सांगतो. हद्दीत खानदेशातून आलेल्या लूम कामगारांच्या वस्त्या होत्या. वॉर्डात मतं सगळ्यात जास्त आमच्या लोकांची, पण महानगरपालिकेत वॉर्डातला आमचा माणूस एकदाही गेलेला नव्हता. नळाला पाणी नाही, मराठी शाळेला शिक्षक नाही. काहीही हवं असलं की वॉर्डावर वर्षानुवर्षं पकड असलेल्या शेठच्या दारात जाऊन उभं राहायचं. श्रावणात पोटनिवडणूक लागली. शेठ उभा होताच, पण या वेळी लूमवरच्या एका कामगारानं त्याच्याविरुद्ध अर्ज भरला. सूचक म्हणून सही त्याच्या सख्ख्या चुलतभावाची.

शनिवारी दुपारी उमेदवाराची बायको ठाण्यात आली. "साहेब, हे काल कामावर गेले ते आलेच नाहीत. लूमच्या खात्यावर, कारखान्यात विचारलं, तर म्हणतात कुणीतरी गाडीतून घेऊन गेलं."

मी चुलतभावाला बोलावलं. तो एकटाच आला. वहिनी घरी गेली आहे हे पाहून हळूच म्हणाला, "गावी आमचे सख्खे काका वारले. दादा तसाच खात्यावरून गेला. वहिनीला सांगू नका, घाबरेल. दादा आला की सांगेल."

"आणि निवडणूक?"

"त्याचं मन उडालं, साहेब. माघारीच्या अर्जावर सही करून माझ्याजवळ देऊन गेला."

मला हे पटलं नाही. मी तिकडच्या ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला. आमचे मोठे साहेब खुर्चीतून हललेही नाहीत. "एना घरनो मामलो छे, भाई. छोड ने." स्टेशन डायरीत नोंद झाली आणि विषय संपला. वर फोन कुठून आला होता, ते ठाण्यातल्या चहावाल्यालाही माहीत होतं.

सोमवारी सकाळी माझा बंदोबस्त कानबाईच्या विसर्जनाला होता. खानदेशी माणसाला हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. श्रावणात रविवारी नारळाची देवी सजवून बसवतात, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर नेतात. तिच्या रोटांचा, त्या जाड पोळ्यांचा, प्रसाद फक्त भाऊकीनं, म्हणजे एका कुळातल्या घरांनी खायचा. भाऊकीत सुतक असेल तर त्या वर्षी कानबाई बसत नाही. कुणाची हिंमतच होत नाही.

मिरवणुकीत एका बाईच्या डोक्यावर कानबाई होती. शेजारी गुलालानं माखलेला तिचा नवरा नाचत होता. तोच चुलतभाऊ.

मी त्याला बाजूला घेतलं. "काका कधी वारले रे?"

त्याचा चेहरा पडला. "साहेब... लांबचे काका..."

"परवा सख्खे होते. रात्रीतून लांबचे झाले?"

ठाण्यात त्याला बसवलं. हात लावला नाही, लावायची गरजही नव्हती. "तिकडून उत्तर आलंय, त्या गावात कुणी मेलेलं नाही. आणि मेलं असतं तर तुझ्या बायकोनं देवी डोक्यावर घेतली असती? खोटं सुतक घरात सांगायला तुझी जीभ रेटली नाही. माझ्यासमोर बरी रेटली!"

तो रडायला लागला. "कानबाईला कसं फसवू, साहेब?"

"आणि भावाला?"

मग सगळं बाहेर आलं. शेठनं त्याला पुढच्या वेळचं तिकीट कबूल केलं होतं. भाऊ बारडोली रस्त्यावर, उसातल्या एका शेतवाडीत कोंडला होता. सही धमकावून घेतली होती.

आम्ही जीप काढली. पंपाच्या खोलीत तो सापडला, ओठ फुटलेला. मला पाहून पहिला प्रश्न त्यानं स्वतःबद्दल विचारला नाही. "माघारीची वेळ गेली का?"

वेळ गेली नव्हती. तसंच त्याला निवडणूक कचेरीत नेलं. तिथला अधिकारी कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "सूचकानं शनिवारीच माघार दिली. दिलेली माघार परत घेता येत नाही. कायदा आहे."

"सही जबरदस्तीची आहे. माणूस समोर उभा आहे, त्याचा ओठ बघा!"

"कोर्टात जा."

गुन्हा दाखल झाला. वाडीवरचे दोन राखणदार आणि चुलतभाऊ आरोपी. जामीन लगेच मिळाला. आरोपपत्रात शेठचं नाव मी घातलं होतं, वरून परत आलं तेव्हा ते नव्हतं. शेठ निवडून आला, आणि सत्कारात माझा हात धरून म्हणाला, "तुमचे मराठी लोक फार शांत." मी हात सोडवून घेतला.

पुढच्या श्रावणात त्या उमेदवाराच्या घरी कानबाई बसली. मी त्यांच्या भाऊकीतला नाही, म्हणून ओट्यावर चहा घेत बसलो होतो. चुलतभाऊ आला आणि दारातच थबकला. रोटाचा वाटा भाऊकीतल्या माणसाला नाकारता येत नाही. वहिनीनं ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"खा, भाऊजी. देवीनं तुमचा वाटा ठेवलाय."

त्यानं हात पुढे केला.

"आमचा वाटा कुठं ठेवलात, तेवढं सांगा."

त्याचा हात तसाच राहिला. पळवलेला माणूस पोलीस शोधून आणतात, तेवढं शिक्षण मला नोकरीनं दिलं. एका वस्तीचं तोंड दाबलं तर ते कोणत्या कलमाखाली सोडवायचं, हे कुणी शिकवलं नाही. तिनं विचारलं होतं त्याला. पण ओट्यावर, वर्दीत, मीही बसलो होतो.