काहून हसला, सांग

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी तेलीबांध्याच्या तलावाभोवती सकाळची फेरी मारत होतो. "अरुण, ताई गेली रे तुझी," एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "काल संध्याकाळी मस्त होती... डॉक्टरले जोक सांगून राहिली होती." माझ्या तोंडून निघून गेलं, "समजला का त्याले?" भाऊजी म्हणाले, "कुठचा! मोठ्यानं हसला. मंग हिनं विचारलं, काहून हसला, सांग, तं दुसऱ्या पेशंटकडे निघून गेला." आणि मला रडू यायच्या आधी चक्क हसू आलं. बाजूनं चालणारे लोक बघायला लागले. ताई गेल्याची बातमी मी अशी ऐकली, आणि ती दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ऐकली असती तर तिलाच आवडलं नसतं.

माझी थोरली बहीण विमल कॉलेजात गणित शिकवायची. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले, तेव्हा हे गाव कशाचीच राजधानी नव्हतं. ताई वर्गात हिंदीत शिकवायची, घरी आमच्या वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलायची आणि विनोद दोन्हीकडे गणिताचेच करायची. गणितात विनोद असतो यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. पण तिच्या विनोदाला हसणं सोपं नव्हतं. हसलात की लगेच प्रश्न यायचा, "काहून हसला, सांग." सांगता आलं नाही तर ती सगळ्यांदेखत म्हणायची, "म्हणजे खोटं हसला." तिचे विद्यार्थी तर मार्कांच्या भीतीनं हसायचे, आणि मग मार्कांच्याच भीतीनं घाबरे व्हायचे. पाहुण्यांचीही यातून सुटका नव्हती. आमच्या एका मावसभावाचं लग्न जमत असताना तिनं नव्या व्याह्यांना हा प्रश्न विचारला होता. लग्न कसंबसं पार पडलं.

मला तिचा पहिला विनोद समजला तो वर्गमूळ दोनचा. मी तेव्हा अपरिमेय संख्येत नापास होऊन तोंड पाडून बसलो होतो. ताई म्हणाली, "ऐक. आपण एकतृतीयांशले जेवाले बोलावलं. दारात विचारलं, पूर्ण नाव काय भाऊ? तो म्हणे, शून्य दशांश तीन तीन तीन... मी म्हटलं, पुढंही तीनच हाये न? या, बसा पाटावर. मंग आला वर्गमूळ दोन. तो म्हणे, एक दशांश चार एक चार दोन एक तीन... मी वाट पाहून राहिली का आता तरी तेच ते येईन, तं म्हणीन समजलं. पण येतच नाही! वरण थंड झालं, भात थंड झाला, लोक जेवून घरी गेले, अन् हा उंबऱ्यावर उभा राहून नावच सांगून राहिला." मी पोट धरून हसलो. तिनं विचारलं, काहून? मी म्हटलं, त्याचं नाव संपतही नाही आणि फिरून तेच येतही नाही, म्हणून त्याला मधेच थांबवता येत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पोट्ट्या, मास्तरनं विचारलं तं हेच लिहिजो." मी हेच लिहिलं आणि पास झालो. जेवणाचं मात्र लिहिलं नाही.

काल्पनिक संख्येनं मात्र मला वर्षानुवर्षं छळलं. मायनस एकचं वर्गमूळ, म्हणजे अशी संख्या जिला स्वतःनंच गुणलं की मायनस एक येतं. अशी संख्या असतेच कशी? ताईचं म्हणणं, "ते बिचारं काल्पनिक नाही रे. बाकीच्या साऱ्या संख्या एका सडकेवर राहतात, पुढं प्लस, मांगं मायनस. हे बाजूच्या गल्लीत राहते, म्हणून कोणाले दिसत नाही." ती यावर एकटीच हसायची. आणि भाऊजी? ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, माणूस सरळ. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ते तिला एकच उत्तर देत आले, "मले नाही समजलं." एकदाही खोटं हसले नाहीत. ताई त्यांच्यावर जीव टाकायची ती मला वाटतं यासाठीच. पण मनातून तिला एकच हवं होतं. सारं जग नाही हसलं तरी चालेल, या माणसानं एकदा खरं हसावं. मला ती हे कित्येकदा बोलून दाखवायची, आणि बोलताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

पुढे राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि काही वर्षांनी आमचं ऑफिस नव्या रायपुरात गेलं. तिथले रस्ते ऐसपैस, माणूस दिसेल तर शपथ, आणि सगळे चौक एकसारखे. सुरुवातीला आम्ही मंत्रालयातले लोक रोजच चुकायचो. एकदा ताई म्हणाली, दाखव तुझी राजधानी. मी ऐटीत गाडी काढली. एका चौकात डावीकडे वळलो, पुढच्या चौकात पुन्हा डावीकडे, आणि ऑफिसच्या ऐवजी समोर पाटी, रायपूर इकडे. म्हणजे आलो तिकडेच तोंड. ताईनं डॅशबोर्डवर हात आपटला. "हेच तं ते!" मी म्हटलं, काय? "एकदा वळला तेव्हा तू पुढंही नव्हता अन् मांगंही नव्हता. गल्लीत होता. दुसऱ्यांदा तसाच वळला अन् उलटा झाला. तेच वळण दोनदा घेतलं, मायनस एक!" मी गाडी कडेला घेतली आणि इतका हसलो की स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ज्याच्यामुळे मी शाळेत छड्या खाल्ल्या, ते मी सरकारी नोकर होऊन रोज सकाळी करत होतो! तिनं विचारायच्या आधीच मी सगळं समजावून सांगितलं. ती खूश झाली, पण परत निघेपर्यंतच. मग म्हणाली, "तू तं झाला. तुझ्या भाऊजीलेच हसवाचं राहिलं आता." ते राहिलंच. त्यानंतर तिचं दुखणं निघालं, आणि त्यात आमचे महिने गेले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. आता रविवारी मी पुरानी बस्तीत भाऊजींकडे जातो. परवा ते अंगणात उभे होते. म्हणाले, "अरुण, ते तुमचं गाडीतलं काय होतं? तिनं घरी येऊन स्वयंपाकघरातून लय सांगितलं, पण मले तेव्हा नाही समजलं." मी त्यांना फाटकाकडे तोंड करून उभं केलं. डावीकडे वळा. वळले, समोर शेजाऱ्यांची भिंत. पुन्हा डावीकडे. आता समोर घर. "उलटं झालं न?" मी विचारलं. "हव," ते म्हणाले, पण चेहरा कोराच. मी म्हटलं, राहू द्या. तेवढ्यात ते आपणहून पुन्हा डावीकडे वळले, मग आणखी एकदा, आणि फाटकाकडे बघत थबकले. "अरे... चार वेळा वळलो अन् पुन्हा होतो तिथंच? म्हणजे हे तं आमचं चुकलेलं पार्सल झालं! नागपूर, इटारसी, कटनी, बिलासपूर फिरून पुन्हा रायपूरच्याच गोदामात!" आणि भाऊजी हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला तिची फार आठवण आली.

कोणीतरी विचारायलाच हवं होतं, म्हणून मी विचारलं, "काहून हसले भाऊजी, सांगा." त्यांनी डोळे पुसले. पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते घराकडे वळले आणि चारही वळणं पहिल्यापासून समजावून सांगू लागले, मोठ्यानं, आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.