रोह्याच्या पाळकांची वैमानिक लेक

पेणला उतरायचं होतं, उतरले अलीकडच्या जिते स्टेशनवर. शेजारची बाई "आलं, आलं" म्हणत उठली आणि मीही तिच्या मागोमाग उतरले. गाडी सुटल्यावर पाटी वाचली. रिक्षाने पेण गाठलं, तेव्हा शमुवेल साळवे जीपमध्ये औषधांची खोकी भरून माझी वाट पाहत होते.

शमुवेल पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांची बायको सुशीला नर्सिंगला माझ्या वर्गात होती. नगरकडचं हे जोडपं ऐन तरुणपणी इकडे आलं आणि रोह्याजवळच्या कातकरी वाड्यांवर शाळा, दवाखाना चालवत इथलंच झालं. त्यांची एकुलती एक लेक रूथ हवाई दलात हेलिकॉप्टर चालवते. ती रजेवर आली होती, म्हणून मी निघाले होते.

गडब गाव मागे पडलं. भात कापलेल्या शेतांत वाल हिरवागार उभा होता. गाडी चालवता चालवता शमुवेल एकदम म्हणाले, "रूथ भरती झाली तेव्हा दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही, ताई. शत्रूवर प्रीती करा, हे मी जन्मभर सांगत आलो आणि माझीच मुलगी लष्करात! तिला अधिकारी केलं त्या समारंभालाही सुशीला एकटीच गेली."

"मग राग कसा गेला?"

"ते तिलाच विचारा."

वाडीवर पोचलो तर रूथ बायकांबरोबर उकिडवी बसून पोपटी लावत होती (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी भरून ते जाळात भाजतात). मडकं उघडल्यावर जो वास सुटला, तो अजून आठवतो. ठमीबाई नावाच्या म्हाताऱ्या कातकरणीने पहिल्या शेंगा रूथच्या हातावर ठेवल्या.

"खा गो. हाडं दिसतात तुझी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "करवंदीच्या जाळीत अडकली व्हती लहानपणी. मीच काढली. आता इमान चालवते म्हणं!"

"हेलिकॉप्टर, आजी."

"तेच ते. वर जातं ना?"

सगळ्या हसल्या. जेवणं झाल्यावर मी रूथला वडिलांचा राग कसा गेला ते विचारलं.

"एका डोंगरी चौकीवरून जखमींना आणायचं होतं, मावशी. ढग उतरत होते. आमचे दोघं घेतले. तिसरा सीमेपलीकडचा सैनिक होता, पकडलेला. पोटात गोळी होती. तोही घ्यायचा, असा हुकूम होता. त्याला सोबत घ्यायचं, तर वजन कमी करायला हवं होतं. आम्ही जास्तीचं सामान उतरवलं आणि निघालो. वाटेत तो आईला हाक मारत होता. ती हाक मला कळत होती. एवढंच आईला पत्रात लिहिलं."

"आणि बाबा?"

"पत्र वाचून झाल्यावर त्यांनी फोन केला. नुसते रडले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीने निघणार होतो. रोहा स्टेशनवर लेकीची बॅग शमुवेलनीच उचलली. फलाटावर सुशीलाने रूथच्या वेणीवरून हात फिरवला. शमुवेलनी टोपी काढली.

"तुझ्याबरोबर उडतात त्यांची नावं सांग. प्रार्थनेत घेतो."

रूथने चार नावं सांगितली. चौघं चार प्रांतांतले, निरनिराळ्या धर्मांचे. शमुवेलनी एकेक नाव पुन्हा म्हणून पाहिलं.

"आणि त्या जखमीचं?"

"ठाऊक नाही, बाबा. जगला एवढं कळलं."

"मग त्याच्यासाठी नावाशिवाय करतो," ते म्हणाले आणि त्या गर्दीतच त्यांनी डोळे मिटले.

घरी येऊन आता आठवडा झाला. रूथ तिच्या तळावर पोचली असेल. मी काही देवभोळी नाही. पण रोज सकाळी चहा ठेवताना ती चार नावं आठवून पाहते, आणि मग त्या पाचव्यासाठी क्षणभर गप्प उभी राहते.