गयाबाई सिस्टरांचं गाव

दारावर थाप पडली की कोण आहे, काय झालं, हे न विचारताच गयाबाई सिस्टर पायांत चपला सरकवायच्या. सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी कंपाउंडर. ऊसतोड बायांची किती बाळंतपणं त्यांनी केली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "बाळाला काय येळकाळ कळतंय का?" एवढंच म्हणायच्या.

त्या निवृत्त झाल्या ते साल दुष्काळाचं. ऊसच नव्हता, कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं. क्वार्टर सोडायचं होतं. नवरा मागेच वारलेला. मुलगा पुण्याहून न्यायला आला, तर त्याला पोटभर जेवू घालून त्यांनी परत पाठवलं. मला म्हणाल्या, "भाऊ, आता असं गाव बगायचं, जितं मला कुणीच वळखत न्हाई. लई दमले."

मग रविवारी आम्ही एसटीनं गावं बघत हिंडू लागलो. मांजरसुंब्याला ट्रकांचा आवाज त्यांना सोसेना. लिंबागणेशची खोली चांगली होती, पण पाण्याला फार लांब जावं लागत होतं. आणखी एका गावात घरमालकानं आडनाव विचारलं, आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. बाहेर येऊन सिस्टर म्हणाल्या, "आदीच कळलं, बरं झालं. मलाच करमलं नसतं तितं." त्यानंतर दोन रविवार मात्र त्या कुठंच निघाल्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी वडवणीला गेलो. तिथं भाजी विकणारी एक बाई आम्हाला बघून उभीच राहिली. "तुमी कारखान्यावरच्या सिस्टर न्हाई का? माजी थोरली तुमच्याच हातची हाय." मी मनात म्हटलं, हेही गाव बाद. बाईचं नाव शांताबाई. तिनं शेजारी गोणपाट अंथरलं, तांब्याभर पाणी दिलं आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळली. सिस्टर तासभर तिथंच बसल्या.

परतताना एसटीत म्हणाल्या, "तिनं काहीच मागितलं न्हाई, भाऊ. गोळी न्हाई, औषद न्हाई. नुसतं बसू दिलं." पुढच्याच महिन्यात त्या शांताबाईच्या गल्लीत राहायला गेल्या.

तिथं त्यांची नऊ वर्षं सुखात गेली. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा गल्लीतल्या बाया आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत होत्या. शांताबाई उशाशी बसून, सिस्टरांचं मनगट हातात घेऊन मन लावून नाडी बघत होती. सिस्टरांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "चुकीच्या जागी धरलीय तिनं. पण असू द्या, सांगू नका."