वॉटी गेडिसचं खेचर

मोराग गेडिसने चाळीस वर्षं बंदरावर मासे साफ केले आणि त्याहून जास्त वर्षं गावातल्या डूगलकडून एकच टोमणा ऐकला: तुझा बाप वॉटी युद्धात इटलीच्या डोंगरावरून खेचर घेऊन पळाला. वॉटी खरं तर जखमींना खेचरावरून खाली पोचवून पुन्हा वर जात होता. एका दिवसात सहा फेऱ्या. ब्याऐंशीव्या वर्षी तिने त्याच्या अधिकाऱ्याचं पत्र मिळवलं, एडिनबराला मानचिन्हांच्या सरकारी कचेरीत अर्ज केला आणि घराण्याचं मानचिन्ह म्हणून ढाल मंजूर करून आणली. ढालीवर खेचर, तोंड उजवीकडे.

शनिवारी ती दगडात कोरून तिच्या दारावर चढवायची होती. कोरली मी. हयातभर उंबरे आणि थडगी केली, ढाल कधीच नाही.

शुक्रवारी सकाळी सातला मोराग माझ्यासाठी स्कोन, घरी भाजलेले छोटे पाव, घेऊन आली. दगड पाहिला, ताटली खाली ठेवली.

"हे पळतंय, इनिस."

ढाल धरणारा मागे उभा असतो. त्याची उजवी ती ढालीची उजवी. मी समोरून माझी उजवी धरली होती. उलट्या तोंडाचं जनावर म्हणजे शत्रूला पाठ दाखवलेलं.

मी म्हटलं, "ताई, गावात कोणाला कळणार?"

"डूगलला कळेल. आणि मला कळलंय."

दुसरा दगड आणायला वेळ नव्हता. मागची बाजू कोरी होती, जाडीही पुरेशी. पहारीने दगड उलटवला. पहारीचं एक टोक तिने धरलं. कान एरवी शेवटी काढतात. मी पहिले काढले. मोडायचेच असतील तर सकाळीच मोडोत. मोडले नाहीत. मग छाती, खांदा, चारी पाय. तिने पाणी मारलं, भुकटी झाडली, दोनदा सांगितलं की मागचा पाय कडा न उठता मऊ पडलाय. पडला होता. संध्याकाळी सहाला शेवटचा खूर दगडातून मोकळा झाला, तेव्हा माझी बोटं मिटत नव्हती आणि मी हसत होतो.

शनिवारी सगळी गल्ली दोराला लागली. पळणारं खेचर भिंतीकडे तोंड करून चुन्यात गेलं. डूगल, टोमण्यांचा जुना धनी, दाराखाली उभा राहून वर बघत होता.

"डोंगर चढतंय की गं," तो म्हणाला.

"सातवी फेरी आहे," मोराग म्हणाली. "बाजूला हो, वाटेत उभा आहेस."