मावशींचं विरजण

दह्याला नुसतं बोट लावायचं, ते जिभेवर टेकवायचं आणि "हे पाटलिणीचं", "हे शेजारच्या सुनेचं, घाईत लावलंय" असं छातीठोक सांगायचं, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या ताकवाल्या मावशी. काळेवाडीहून डोक्यावर मडकं घेऊन पिंपरीला आमच्या क्वार्टरात यायच्या. मी दोनदा त्यांना फसवायला गेले आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडले.

आमच्या ह्यांना औषधांच्या कारखान्यात नोकरी. घरात उठताबसता पेनिसिलिनचं कौतुक. त्यामुळे औषधातलं मला कुणी शिकवावं हे मुळी खपायचंच नाही. मावशी मात्र उंबऱ्याशी बसून म्हणायच्या, "तुमचं औषध लई गुणाचं, पर त्याला आपलं-परकं कळत न्हाई."

हे त्या शिकल्या कुणाकडून, तर म्हशीकडून! सड सुजला म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी त्यात पेनिसिलिन सोडलं. म्हैस बरी झाली, पण चार दिवस त्या दुधाचं दही काही लागेना. "इरजण घालून घालून दमले. तवा उमगलं, वाईटासंगं चांगलंबी मरतंया." मी फिदीफिदी हसले होते. काय म्हणावं माझ्या शहाणपणाला!

पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या चार वर्षांच्या शकूला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांचं नवं औषध दिलं. सहाव्या दिवशी ताप उतरला, पण जुलाब सुरू झाले. पोर वाळून काडी झाली. मी इतकी घाबरले, की सातव्या दिवशी औषधाची बाटली उचलून फळीवर ठेवून दिली. बास झालं म्हटलं.

मावशींनी ती बाटली पाहिली आणि कडाडल्याच. "ताप उलटला तर पोर हातची जाईल! औषध सोडायचं न्हाई. ताक द्यायचं."

"तापात ताक? मावशी, वेड लागलंय का?"

"इचार तुझ्या डाक्टरला. न्हाई म्हनला तर मडकं फोडते."

डॉक्टर चक्क हो म्हणाले. ताजं, पातळ द्या, पाणीही भरपूर पाजा, पण औषध थांबवू नका. मावशी रोज सकाळी कोवळं दही घुसळून आणू लागल्या. "आधी औषध, दोन तासांनी ताक. सवती हायेत त्या, एका पाटावर बसवू नगंस." चार दिवसांत जुलाब थांबले. चौदाव्या दिवशी शकूनं आपणहून भाकरी मागितली. मी मावशींचे पाय धरून घळाघळा रडले. त्यांनी वाटीभर विरजण हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "रोज लाव. खाडा करू नगंस."

दोन वर्षांनी मावशींचे गुडघे गेले. म्हशी विकून त्या निघोज्याला लेकीकडे राहायला गेल्या. मग निरोप आला, न्यूमोनिया झालाय, औषधानं पोट बिघडलंय आणि मावशी औषध घ्यायचं नाही म्हणून हटून बसल्यात. घ्या! मी शकूला आणि दह्याचा डबा घेऊन निघाले.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शकूनं दह्यात बोट बुडवून त्यांच्या जिभेला लावलं आणि विचारलं, "आजी, हे कुणाचं?"

मावशी कूस बदलून तिच्याकडे वळल्या. मग डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "माजंच हाय की गं."

आणि हात पुढे केला. "आण ते औषध. ताक दोन तासांनी."