लाटसाहेबाच्या फाटकावर

मागच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या माणसानं आमच्या पारावर उभं राहून सांगितलं होतं, "आजी, एसटी गावात आणतो." एसटी अजून फाट्यावरच थांबते. तिथून गावापर्यंतच्या चालीत गुडघे बोलू लागतात. माझी जाऊ शांता त्यापायीच घरी राहिली, नाही तर ती माझ्याआधी बसमध्ये चढली असती. एवढं ऐकून घ्या. आता रामराम.

नागपूरला जायचं कारण असं. निकाल लागला की जिंकलेला म्हणतो, "लाट होती." पडलेलाही म्हणतो, "काय करता, लाट होती." मी दुसरीतून शाळा सोडली. आमच्या नरखेडकडे समुद्र नाही, म्हणून मला लाट एकच ठाऊक, नागपूरच्या बंगल्यातला लाटसाहेब. मला वाटे, कोणाला आणायचं आणि कोणाला पाडायचं, सारं तोच ठरवतो. मग बसचं त्यालाच विचारलेलं बरं. नात स्वाती कॉलेजात शिकते. हा ब्लॉग तिचा, बोलणं माझं. ती नुसती हसली नि म्हणाली, "चाल."

निघताना शांतानं भाकर-भरीत बांधून दिलं. "नीट पाहून ये वं. मले सारं सांगजो."

काटोलमार्गे बस आहे, बायांना अर्धं तिकीट. खिडकी धरा. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, फांद्यांना बांबूचे टेकू. नागपुरात काटोल नाक्यावर उतरून झणझणीत रस्सा ओतलेले तर्री पोहे खाल्ले. नाक वाहतं, तरी दुसरी प्लेट मागावी लागते. ऑटोवाल्याशी मात्र बसायच्या आधी भाव ठरवा. आमचा म्हणाला, "राजभवन? आजी, शपथ घ्याले चालल्या का?"

"घेते ना. तुले मंत्री करते, पण भाव नीट सांग."

वाटेत स्वातीनं सांगितलं, नागपूर एकेकाळी मध्य प्रांताची राजधानी होतं. त्या बंगल्यात आधी इंग्रज साहेब राहायचा. पुढं राज्यं तुटली, जुळली आणि आपली राजधानी मुंबईला गेली. म्हणजे नवरी गेली, मांडव राहिला.

फाटकावर पोलीस होता. मी विचारलं, "साहेब घरी आहेत का?"

"कोणते साहेब, मावशी?"

"लाटसाहेब. आमची बस त्यायच्यापाशी अडून आहे."

त्याला हसू आवरेना. "लाटसाहेब इंग्रजासंगं गेले, मावशी. आता राज्यपाल असतात. तेही मुंबईले राहतात, इकडं कधीमधी येतात."

"त्यायले निवडून कोणं देल्लं? मी त नाही देल्लं."

"मत नाही लागत. राष्ट्रपती नेमतात."

"अन् निवडणुकीतली लाट?"

आता स्वाती बोलली, "आजी, ती पाण्याची लाट. सारे एकाच बाजूनं मत टाकतात, तेव्हा तसं म्हणतात."

"काहून नाही सांगितलं घरीच?"

"मंग तू आली असती का?"

खरं होतं. मी पोलिसाकडे वळले. "मंग बस कोण आणते?"

"तुमी ज्याचं बटन दाबलं तो."

म्हणजे साहेब नाही, पाणी नाही. ज्याला मी पारावर ओवाळून निवडून दिलं, तोच.

विधानभवनही बाहेरूनच पाहिलं. हिवाळ्यात सरकार अधिवेशनाला येतं तेव्हा जाऊ नका, रस्ते बंद असतात. संत्रा बर्फी घ्या, ती बारा महिने मिळते.

सांजेला फाट्यावर उतरून घर गाठलं. बर्फी तोंडात टाकून शांतानं विचारलं, "काय दिसलं?"

"फाटक, झाडं अन् एक हसरा पोलीस."

"अन् लाटसाहेब?"

"नाही वं. आपलंच बटन होतं."

तिनं दुसरी बर्फी उचलली. मग म्हणाली, "त्याले विचार, मी नागपूर कधी पाहू?"

विचारलं. इथंच, ब्लॉगवर. खाली उत्तर लिहायला जागा आहे. ज्यानं पारावर कबूल केलं, त्यानंच लिहावं. पीए नको, भाचा नको. आणि लाट होती म्हणून तर अजिबात सांगू नये.